परवानगी न मागितलेली उमेदवारी

लॉस एंजेलिसच्या मध्यभागी, शहराच्या नगरपालिकेच्या उंच पांढऱ्या मनोऱ्यापासून टेकडीवरच्या नाट्यगृहांपर्यंत चढत जाणारी १२ एकरांची एक बाग आहे. तिच्यात जागोजागी लोखंडी खुर्च्या, बाके आणि टेबले आहेत आणि ती सगळी एकाच रंगाची, आपण ज्याला राणी रंग म्हणतो त्या गडद गुलाबी रंगाची आहेत. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या नाहीत. हवी तिथे उचलून न्यावी, सावलीत ओढावी, चौघांनी मिळून गोल करून बसावे. वरच्या अंगाला एक जुने कारंजे आहे. उन्हाळ्यात त्याच्या उथळ पाण्यात मुले भिजतात आणि त्यांच्या आया काठावर टॉवेल घेऊन उभ्या असतात. २०१२ मध्ये बाग खुली झाली, त्याआधी या जागेचा मोठा भाग वाहनतळांनी आणि त्यांच्या उतारांनी झाकलेला होता. २०२३ पासून तिला ग्लोरिया मोलिना या इथल्या पुढारी बाईंचे नाव आहे. बागेला लागूनच काउंटीची प्रशासकीय इमारत उभी आहे, जिथे मोलिना तेवीस वर्षे पाचांपैकी एका खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची मात्र अशी उचलून नेण्यासारखी नव्हती.

मी या शहराच्या पूर्वेकडच्या भागात राहते. इथे येऊन मला वीस वर्षे झाली, आणि पहिली कित्येक वर्षे काउंटी म्हणजे नेमके काय हे मला धड कळले नव्हते. आपल्या वाचकाला जवळचे उदाहरण म्हणून जिल्हा परिषद सांगता येईल, पण ते अपुरे आहे. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी माणसे राहतात. सरकारी रुग्णालये, तुरुंग, बालकल्याण, गरिबांना मिळणारी मदत, निवडणुकांची यंत्रणा, हे सगळे काउंटीकडे आहे, आणि तिचा कारभार पाच सुपरवायझर चालवतात. कायदा करणारे तेच आणि खाती चालवणारेही तेच. एकेका सुपरवायझरच्या मतदारसंघात जवळपास वीस लाख लोक येतात. या पाच जणांना इथले लोक अनेक दशके ‘पाच छोटे राजे’ म्हणत आले, आणि या नावात तक्रार जितकी होती तितकेच वास्तवही होते.

मोलिनांचे नाव मी प्रथम ऐकले ते शेजारच्या आजींकडून. त्या मेक्सिकन वंशाच्या. आयुष्यभर शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसलेल्या. मला त्या ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडे एखादी आजी ‘पोरी’ म्हणेल तसे. एका रविवारी गोड पाव आणि दालचिनी घातलेली कॉफी समोर ठेवून त्यांनी मला सांगितले की १९९१ च्या फेब्रुवारीत त्या मतदारयादीचे कागद घेऊन गल्लोगल्ली फिरल्या होत्या. यादीत एकेका रस्त्यावर दहा घरे सोडून एक नाव असायचे. मधल्या घरांत माणसे नव्हती असे नाही. ती होती, पण कुणी अजून नागरिक झालेले नव्हते, कुणी नागरिक असून नोंदणी केलेली नव्हती. आजींचे पाय दुखले, पण त्या मधल्या घरांनाही टाळून पुढे गेल्या नाहीत. मत नसले तरी त्यांना कळायला हवे की निवडणूक आहे, असे त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळपासून मी मोलिनांबद्दल जे मिळेल ते वाचत गेले.

ग्लोरिया मोलिना यांचा जन्म ३१ मे १९४८ चा. दहा भावंडांत त्या थोरल्या. वडील मजुरी करणारे, आई मेक्सिकोहून आलेली. बालपण लॉस एंजेलिसच्या पूर्वेला पिको रिव्हेरा नावाच्या गावात गेले. त्या एकोणीस वर्षांच्या असताना वडिलांना अपघात झाला आणि घर चालवण्याची जबाबदारी या थोरल्या मुलीवर आली. वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरीची नोकरी करत त्यांनी कॉलेजचे वर्ग केले. ही गोष्ट थोरल्या मुलींना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. धाकट्यांची दप्तरे, आईची औषधे, घरभाड्याचा हिशेब हे सगळे ज्या वयात अंगावर पडते, त्याच वयात माणसाला हिशेबाचे कागद न घाबरता वाचण्याची सवय लागते. पुढे काउंटीच्या अंदाजपत्रकातल्या ओळीन् ओळीवर बोट ठेवून विचारणारी बाई म्हणून त्या ओळखल्या गेल्या. ती सवय घरातच लागली असावी, असा माझा समज आहे.

त्यांच्या तरुणपणी स्पॅनिश भाषक मुळाच्या लोकांसाठी ‘हिस्पॅनिक’ हा शब्द फारसा चालत नव्हता. तो १९८० च्या जनगणनेपासून सरकारी कागदांवर रुळला. साठ आणि सत्तरच्या दशकांत पूर्व लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वंशाची तरुण मुले स्वतःला ‘चिकानो’ म्हणवत, मुली ‘चिकाना’. त्या चळवळीत शाळांतल्या अन्यायाविरुद्ध संप झाले, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघाले. मुलींनी मोर्चांत चालावे, पत्रके छापावीत, स्वयंपाक करावा, आणि मंचावर मुलांनी बोलावे, अशी वाटणी तिथेही होती. या वाटणीला कंटाळलेल्या बायकांनी १९७० मध्ये ‘कोमिसिऑन फेमेनिल मेक्सिकाना नॅसिओनाल’ ही संघटना उभी केली. १९७३ मध्ये तिची लॉस एंजेलिस शाखा निघाली, तेव्हा मोलिना तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि लवकरच राष्ट्रीय अध्यक्षही. नोकरी शोधणाऱ्या बायकांसाठी केंद्र आणि मुलांसाठी पाळणाघर, अशी या संघटनेची कामे होती. मोलिनांच्या राजकारणाचे मूळ कुठल्या पक्षकार्यालयात शोधू नये. ते या कामांत आहे.

याच वर्षांत संघटनेपुढे एक प्रकरण आले, आणि ते मला इथे थोडे थांबून सांगावेसे वाटते.

लॉस एंजेलिस काउंटीचे मोठे सरकारी रुग्णालय शहराच्या पूर्वेला, मेक्सिकन वस्तीच्या कुशीत आहे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे बाळंतपणासाठी आलेल्या अनेक मेक्सिकन बायकांची नसबंदी केली गेली. बहुतेकींना इंग्रजी येत नव्हते. कळा चालू असताना, शस्त्रक्रियेच्या खोलीकडे नेताना, इंग्रजीत छापलेला कागद पुढे करून त्यावर सही घेतली गेली. काहींना सांगितले की सही केली नाही तर बाळाच्या जिवाला धोका आहे. काहींना आपल्यावर काय झाले आहे हे कित्येक महिन्यांनी, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळले. त्याच रुग्णालयातल्या बर्नार्ड रोझेनफेल्ड या तरुण डॉक्टरांनी कागद बाहेर काढले, अँटोनिया हर्नांडेझ या नुकत्याच वकील झालेल्या तरुणीने बायकांची घरे शोधून काढली, आणि १९७५ मध्ये दहा जणींच्या नावाने संघराज्य न्यायालयात खटला उभा राहिला. कोमिसिऑन फेमेनिल या बायकांच्या पाठीशी उभी राहिली.

१९७८ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात संवादाचा गोंधळ झाला, कुणाचा हेतू वाईट नव्हता, असे न्यायाधीशांनी ठरवले. या निकालातली एक गोष्ट मला पचत नाही. या बायकांच्या समाजात मूल होण्याला किती मोठा अर्थ आहे हे सांगण्यासाठी एका मानववंशशास्त्रज्ञाची साक्ष घेतली होती. न्यायाधीशांनी त्याच साक्षीचा उलटा उपयोग केला. दुःख एवढे मोठे आहे ते त्यांच्या संस्कृतीमुळे, आणि ती संस्कृती डॉक्टरांना कशी माहीत असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांबद्दल ज्यांनी वाचले आहे, त्यांना असा युक्तिवाद अनोळखी वाटणार नाही. खटला हरला, पण खटल्यामुळे झालेल्या गाजावाजातून नियम बदलले. संमतीचे कागद स्पॅनिशमध्ये आले, आणि सही व शस्त्रक्रिया यांच्यात ठरावीक मुदत ठेवणे बंधनकारक झाले. न्यायालयात हरूनही कागद बदलता येतो, आणि कागद बदलला की पुढच्या बाईची बाळंतपणाची खोली बदलते, हे मोलिनांनी तिशीच्या उंबरठ्यावरच जवळून पाहिले.

याच काळात त्यांचे पक्षकार्यही सुरू होते. आर्ट टोरेस या तरुण डेमोक्रॅटिक आमदाराच्या कार्यालयात त्यांनी काम केले, १९७६ मध्ये जिमी कार्टर यांच्या प्रचारात राबल्या, पुढे व्हाइट हाउसच्या नेमणुकांच्या कचेरीत काम केले, मग सॅन फ्रान्सिस्कोत संघ सरकारच्या आरोग्य खात्यात, आणि नंतर कॅलिफोर्निया विधानसभेचे अध्यक्ष विली ब्राउन यांच्याकडे. याद्या करायच्या, फोन करायचे, दुसऱ्याच्या नावाने पत्रे लिहायची, निवडून आलेल्याच्या मागे दोन पावले उभे राहायचे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. असे काम करणाऱ्या बाईला कारभाराची माहिती आमदारापेक्षा जास्त असते, हे कार्यालयातल्या सगळ्यांना माहीत असते आणि कुणी ते बोलून दाखवत नाही.

१९८२ मध्ये टोरेस राज्याच्या वरिष्ठ सभागृहाकडे, म्हणजे सिनेटकडे, वळले आणि त्यांची विधानसभेची जागा मोकळी झाली. मोलिनांनी उभे राहायचे ठरवले. पूर्व लॉस एंजेलिसच्या राजकारणाची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या पुरुषांनी, त्यांत स्वतः टोरेस आणि रिचर्ड अलाटोरे होते, रिचर्ड पोलांको यांचे नाव आधीच ठरवलेले होते. मोलिनांना थांबायला सांगण्यात आले. बाईला या मतदारसंघात मते मिळणार नाहीत, तिला पैसा उभा करता येणार नाही, आपल्या समाजातले पुरुष तिला स्वीकारणार नाहीत, अशी कारणे सांगितली गेली. मराठी राजकारणात याला एक नेमका शब्द आहे: बंडखोरी. फरक एवढाच, की अमेरिकेत पक्षाचे तिकीट पक्षश्रेष्ठी देत नाहीत, प्राथमिक निवडणुकीत पक्षाचे मतदार देतात; त्यामुळे पुढाऱ्यांचा आशीर्वाद नसलेल्या माणसालाही एक दार उघडे असते, जर त्याच्याकडे दारोदार जाणारी माणसे असतील. मोलिनांकडे बायका होत्या. पाळणाघराच्या, नोकरी केंद्राच्या, खटल्याच्या कामात एकमेकींना ओळखणाऱ्या. त्यांनी छोट्या छोट्या रकमा जमवल्या, घरोघर गेल्या, मोलिना प्राथमिक निवडणूक जिंकल्या आणि कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत जाणारी पहिली लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाची पहिली स्त्री, ठरल्या.

मला या ठिकाणी माझ्या मावशीची आठवण येते. नव्वदच्या दशकात, महिलांसाठी राखीव झालेल्या वॉर्डातून ती ग्रामपंचायतीवर निवडून आली. सभेची वही काका घरी घेऊन यायचे, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हात पुसून सही करायची आणि वही परत जायची. मावशी हुशार होती; तिने एकदा काकांना विचारलेही होते की पाण्याच्या टाकीचा खर्च दोनदा का लिहिला आहे. पण ती सभेला कधी गेली नाही, कारण ‘तू थांब, मी बघतो’ असे तिला सांगितले गेले होते, आणि जिच्यासोबत मिळून नाही म्हणता येईल अशी दुसरी एकही बाई तिच्या आजूबाजूला नव्हती. मोलिनांची १९८२ ची निवडणूक वाचताना मला त्यांच्या धैर्यापेक्षाही त्यांच्यामागच्या त्या बायकांचा हेवा वाटला.

विधानसभेत गेल्यावर लवकरच त्यांच्या मतदारसंघाजवळ, बॉइल हाइट्सच्या वस्तीशेजारी, राज्याचा नवा तुरुंग बांधण्याची योजना पुढे आली. आजूबाजूला शाळा होत्या, आणि जागा निवडताना तिथल्या लोकांना कुणी विचारले नव्हते. मोलिनांनी विरोध केला, पण विधानसभेतल्या एका मताने काय होणार होते? चर्चच्या आधाराने वस्तीतल्या आया एकत्र आल्या, डोक्याला पांढरे रुमाल बांधून आठवड्यामागून आठवडे पुलावरून मोर्चे काढू लागल्या. ‘मदर्स ऑफ ईस्ट लॉस एंजेलिस’ या नावाने त्या पुढे सगळीकडे ओळखल्या गेल्या. तुरुंगाची योजना शेवटी १९९२ मध्ये रद्द झाली. या लढ्याचे श्रेय त्या आयांचे आहे. आपल्या आमदाराला त्या थेट जाऊन भेटू शकत होत्या आणि ती त्यांच्या भाषेत बोलत होती, याचाही त्यात वाटा होता.

१९८७ ची शहराची निवडणूक मी थोडक्यात सांगते. लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेत एडवर्ड रॉयबल १९४९ मध्ये निवडून आले आणि १९६२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. त्यानंतर तेवीस वर्षे तिथे एकही लॅटिनो नगरसेवक नव्हता. संघराज्याच्या न्याय खात्याने शहरावर प्रभाग रचनेबद्दल खटला भरल्यावर नवा प्रभाग तयार झाला. तिथेही पुढाऱ्यांचा उमेदवार दुसराच होता, मोलिना पुन्हा उभ्या राहिल्या आणि पुन्हा जिंकल्या. शहराच्या त्या पहिल्या लॅटिना नगरसेविका.

काउंटीची गोष्ट मात्र मोठी आहे, आणि प्रभाग रचनेच्या सोडतीची वाट पाहत ज्यांची राजकीय आयुष्ये गेली आहेत अशा मराठी वाचकाला ती चटकन कळेल. पाच सुपरवायझरांचे मतदारसंघ ते पाचजण स्वतःच आखत. १९५८ मध्ये रॉयबल यांनी काउंटीची निवडणूक लढवली होती आणि फेरमोजण्यांनंतर ते हरले होते. पुढच्या तीन दशकांत लॅटिनो लोकसंख्या वाढत वाढत १९९० मध्ये काउंटीच्या एक तृतीयांशाहून अधिक झाली, पण पाचांत त्यांचा एकही माणूस नव्हता, कारण पूर्वेकडची ती सलग वस्ती नकाशावर तुकड्यांत कापलेली होती. १९८८ मध्ये काही मतदारांनी खटला भरला आणि न्याय खात्यानेही भरला. १९९० मध्ये न्यायाधीश डेव्हिड केनयन यांनी निकाल दिला की १९८१ चा नकाशा आखताना सुपरवायझरांनी लॅटिनो मतांचे तुकडे जाणूनबुजून ठेवले.

या निकालातला विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. सुपरवायझरांच्या मनात द्वेष होता असे सिद्ध करावे लागले नाही. त्यांना मुख्यतः आपापल्या जागा टिकवायच्या होत्या. पण आपली जागा टिकवण्यासाठी एका समाजाचे मत फोडावे लागेल हे माहीत असताना तो मार्ग पत्करणे, हाही हेतुपूर्वक केलेला भेदभावच आहे, असे न्यायालयाने म्हटले. मी हा भाग वाचला तेव्हा मला आपल्या ओळखीचे कितीतरी सज्जन पुढारी आठवले. त्यांच्या मनात कुणाविषयी आकस नसतो, फक्त वॉर्डाची हद्द ओढ्याच्या अलीकडे असावी की पलीकडे, एवढाच त्यांचा आग्रह असतो.

वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला, नवा मतदारसंघ आखला गेला आणि १९९१ च्या सुरुवातीला विशेष निवडणूक लागली. फेब्रुवारीच्या अंतिम फेरीत दोघे समोरासमोर आले: ग्लोरिया मोलिना आणि आर्ट टोरेस. नऊ वर्षांपूर्वी ज्यांची जागा मोकळी झाल्यावर मोलिनांना थांबायला सांगितले गेले होते, आणि त्याहीआधी ज्यांच्या कचेरीत त्यांनी काम केले होते, तेच टोरेस. जागा न्यायालयाने लॅटिनो समाजासाठी खुली केली होती, आणि समाजातल्या प्रस्थापितांना ती पुरुषाचीच वाटत होती. मोलिना सुमारे ५५ टक्के मते घेऊन निवडून आल्या. विसाव्या शतकात त्या मंडळावर बसणारी ही पहिली लॅटिनो व्यक्ती, आणि मतदारांनी तिथे निवडून दिलेली पहिली स्त्री. शेजारच्या आजींनी यादी घेऊन चाललेले रस्ते याच निवडणुकीचे. मतदान फार झाले नव्हते, आणि म्हणूनच त्या दहा घरांमागच्या एका नावाला किंमत होती.

मग त्या तेवीस वर्षे तिथे राहिल्या. सभेत त्या कठोर प्रश्न विचारत. कंत्राटे, सल्लागारांची बिले, अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, कुणाचाच कागद त्या न वाचता पुढे सरकवत नसत. अनेक अधिकारी त्यांच्या प्रश्नांना घाबरत, आणि सगळीच भीती न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. त्यांचा स्वभाव तिखट होता, जुने वैर त्या सहज विसरत नसत, आणि पूर्वेकडच्या राजकारणात त्यांनी आपलाही एक गट बांधला होता. १९९६ पासून काही वर्षे त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या उपाध्यक्षांपैकी एक होत्या, पण त्यांची कारकीर्द मोजायची तर ती काउंटीच्या सभागृहातच मोजावी लागेल.

आणि या सभागृहाच्या अखत्यारीत ते रुग्णालय होते. ज्या रुग्णालयाविरुद्धच्या खटल्यात विशीतल्या मोलिना बाहेरून उभ्या होत्या, त्याच रुग्णालयाचा कारभार आता त्यांच्या मंडळाकडे होता आणि ते त्यांच्याच मतदारसंघात होते. १९९४ च्या भूकंपात त्याच्या इमारतींचे नुकसान झाले, पुढच्या वर्षी काउंटीची तिजोरी इतकी रिकामी झाली की रुग्णालय बंद करण्याची भाषा सुरू झाली. नवे रुग्णालय बांधायचे ठरले तेव्हा मोलिनांनी ७५० खाटांचा आग्रह धरला. १९९७ मध्ये मंडळाने ६०० खाटा मंजूर केल्या. त्या हरल्या, आणि हा आकडा कमी आहे हे वर्षानुवर्षे सांगत राहिल्या. नवी इमारत २००८ मध्ये उघडली. मला या प्रसंगात एक गोष्ट मनापासून भावते. ज्या संस्थेने आपल्या बायकांवर अन्याय केला, ती बंद पडावी असे मोलिनांना वाटणे स्वाभाविक ठरले असते. पण त्या बायकांच्या मुलींना बाळंतपणासाठी दुसरे दार नव्हते, म्हणून ते दार मोठे व्हावे यासाठी त्या दीडशे खाटांवर भांडल्या.

२०११ मध्ये नकाशा पुन्हा आखायची वेळ आली. लॅटिनो लोकसंख्या आता काउंटीच्या निम्म्याजवळ होती, आणि त्यांचे प्राबल्य असलेला दुसरा मतदारसंघ असावा असे मोलिनांचे म्हणणे होते. मंडळाने चार विरुद्ध एक अशा मतांनी वेगळा नकाशा संमत केला. ते एक मत त्यांचे. आता नकाशा सुपरवायझर आखत नाहीत, नागरिकांचा स्वतंत्र आयोग आखतो.

कार्यकालाच्या मर्यादेमुळे २०१४ च्या अखेरीस त्या पायउतार झाल्या. त्यांच्या जागी हिल्डा सोलिस आल्या. २०१५ मध्ये मोलिनांनी पुन्हा नगरपरिषदेची निवडणूक लढवली, विद्यमान नगरसेवक होसे विझार यांच्याविरुद्ध, आणि मोठ्या फरकाने हरल्या. त्या उभ्या राहिल्या नसत्या तर बरे झाले असते, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. काही वर्षांनी बांधकाम व्यावसायिकांकडून लाच घेतल्याच्या प्रकरणात विझार यांना अटक झाली, त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना तेरा वर्षांची शिक्षा झाली. तो प्रभाग कागद वाचणाऱ्या बाईच्या हाती असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मोलिना गोधड्या शिवत. अमेरिकेत क्विल्ट म्हणतात, पण मला गोधडी हाच शब्द जवळचा वाटतो, जुन्या-नव्या तुकड्यांना एकत्र धरणारा धावदोरा दोन्हींत सारखाच आहे. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या बायकांचा एक शिवणगट त्यांनी उभा केला, आणि काउंटीचा कारभार सोडल्यावरही त्या गटात बसत राहिल्या. शेजारच्या आजींना हे फार आवडते. कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांचे कपडे शिवले. हौसेने टाका घालणारी पुढारी बाई त्यांना आपल्यातली वाटते. आजींनी स्वतः शिवलेली एक गोधडी माझ्या मुलीच्या पलंगावर आहे. तिच्या एका कोपऱ्यात राणी रंगाचा तुकडा आहे. तो बागेवरून घेतला का, असे मी विचारले, तर म्हणाल्या की नाही, तो कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या कापडाचा आहे.

१४ मे २०२३ रोजी कर्करोगाने मोलिनांचे निधन झाले. पंचाहत्तरावा वाढदिवस सतरा दिवसांवर होता. त्याआधीच, २०२० च्या निवडणुकीनंतर, पाच छोट्या राजांच्या त्या मंडळावर पाचही स्त्रिया आल्या होत्या. २०२४ मध्ये मतदारांनी पाचाचे नऊ सदस्य करण्याला मान्यता दिली. आणि २०१८ मध्ये, खटला हरल्यानंतर चाळीस वर्षांनी, काउंटीच्या मंडळाने नसबंदी झालेल्या त्या बायकांची अधिकृत माफी मागितली. ठराव सोलिस यांचा होता.

गेल्या वर्षी आजींच्या डोळ्याच्या तपासणीसाठी मी त्यांना त्या रुग्णालयात घेऊन गेले. आता त्याचे नाव लॉस एंजेलिस जनरल असे आहे. खिडकीवरच्या मुलीने कागद पुढे केला, स्पॅनिशमध्ये छापलेला, आणि सही कुठे करायची तिथे पेनाने फुली मारून दिली. मागे सात-आठ माणसांची रांग होती. आजींनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली की नेहमीचाच कागद आहे. आजींनी मान हलवली आणि वाचत राहिल्या. पान उलटले, मागची बाजूही वाचली. मग कागद खाली ठेवला, पेन हातात घेतले, आणि फुलीच्या जागी, एकेक अक्षर जुळवत, आपले पूर्ण नाव लिहिले.